फोर्ट कोची: किल्ला नाही, पोहण्याजोगा समुद्र नाही, सावजीचं तिखट नाही, तरी दोन रात्री द्याव्यात

नागपूरहून केरळला निघालेल्या बहुतेकांच्या यादीत मुन्नार आणि अलेप्पीची हाउसबोट पक्की असते. फोर्ट कोचीच्या वाट्याला येतात जेमतेम दुपारचे तीन तास. ड्रायव्हर मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर गाडी थांबवतो, फोटो होतात, मग एका चर्चमध्ये, मग त्याच्या ओळखीच्या मसाल्याच्या दुकानात. घरी आल्यावर शेरा ठरलेला: "त्यात काही नाही बाप्पा." दुपारचे तीन तास दिले तर तिथे खरंच काही नाही. हे गाव सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर पाहायचं, मधल्या वेळेत जेवायचं आणि पंख्याखाली पडायचं.

आधी नावामुळे होणारा घोटाळा. फोर्ट म्हणून किल्ला शोधत फिरू नका. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे किल्ला बांधला, १६६३ मध्ये डचांनी गाव घेतलं, १७९५ मध्ये इंग्रज आले आणि पुढच्या काही वर्षांत तटबंदी पाडून टाकली. उरलंय ते किनाऱ्यालगतचे दगडी अवशेष आणि बुरुजाच्या जागी उभा असलेला बॅस्टियन बंगला. आपल्या नागपुरातल्या बर्डीचा किल्ला निदान वर्षातून तीन दिवस तरी उघडतो. इथे उघडायला किल्लाच नाही. दुसरा गैरसमज बीचचा. फोर्ट कोचीचा किनारा बंदराच्या तोंडाशी आहे. पाणी गढूळ, ओढ जोरात, आणि पावसाळ्यानंतर जलपर्णीचे ढीग वाळूवर येऊन पडतात. मुलांना समुद्रात खेळवायचं असेल तर पलीकडच्या वायपीन बेटावरून चेराईला जा, अर्धा दिवस मोडतो.

तिसरी तक्रार जेवणाची, "सगळं फिक्कं". तिच्याकडे नंतर येऊ, कारण खरी मजा तिथेच आहे.

आता वार बघा. तारखेच्याही आधी वार. शेजारच्या मट्टनचेरीतला राजवाडा शुक्रवारी बंद. ज्यूंचं परदेशी सिनेगॉग शुक्रवार आणि शनिवार दोन्ही दिवस बंद, शिवाय त्यांच्या सणांना बंद, आणि उघडं असतं तेव्हाही दुपारी एक ते तीन दार लावलेलं. मट्टनचेरीच्या बाजार रोडवरची घाऊक दुकानं रविवारी बंद. म्हणजे आपण जोडून सुट्टी काढतो ते नेमके शुक्र-शनि-रवि इथे सगळ्यात वाया जाणारे. सोमवार ते गुरुवार यातले दोन दिवस धरले तर एकही दार बंद मिळत नाही. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. ३१ डिसेंबरच्या रात्री किनाऱ्यावर पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात, तेव्हा गर्दी इतकी होते की रस्ते गाड्यांना बंद होतात. कुटुंबासह जाणार असाल तर ती रात्र टाळा. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, तोही कमी नाही.

हवेबद्दल एक इशारा नागपूरकरांसाठी खास. पंचेचाळीस डिग्री सोसणाऱ्याला तिथले बत्तीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आपलं ऊन कोरडं, कूलर लावला की भागतं. तिथे हवेतच पाणी, त्यामुळे घाम वाळत नाही, कूलरचा उपयोग नाही आणि धुतलेला सुती सदरा दुसऱ्या दिवशीही ओलसर असतो. जीन्स घरी ठेवा. होमस्टे घेताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: खिडक्यांना जाळी आहे का, एसीचे पैसे वेगळे का, आणि खोली रस्त्याच्या बाजूला की आतल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर दुसरं घर बघा. डास हा या गावाचा सगळ्यात जुना रहिवासी.

पोहोचायचं कसं? केरळ एक्स्प्रेस नागपूरवरून रोज आहे, थेट. उतरायचं एर्नाकुलम टाऊनला, म्हणजे पाण्याच्या अलीकडच्या मुख्य शहरात. प्रवास साधारण सव्वा दिवसाचा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळी-नाताळात लगेच भरतं. विमानाने गेलात तर विमानतळ नेडुंबसेरीला, फोर्ट कोचीपासून ४० किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास धरा.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सीने पुलांवरून जाता येतं, पण जाऊ नये. हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो घ्या. या सगळ्या सहलीत पाचपैकी पाच गुण देण्यासारखी सेवा हीच. फोर्ट कोचीचा मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला. तिकीट ४० रुपयांच्या आसपास, वेळ वीसेक मिनिटं. बोट बॅटरीवर चालते, एसी आहे, शंभर माणसं मावतात, बांधली कोचीन शिपयार्डनेच. खुबी बोटीपेक्षा धक्क्यात आहे: धक्का पाण्यावर तरंगता आहे, त्यामुळे भरती असो की ओहोटी, बोटीची फळी आणि धक्का एकाच पातळीत राहतात. आजीला हात धरून उडी मारायला लावावी लागत नाही, व्हीलचेअर सरळ आत जाते. अडचण एकच, बोटीत मोजून माणसं घेतात. सुट्टीच्या संध्याकाळी रांग लांबते आणि पुढची बोट पाहावी लागते. तेव्हा राज्य जलवाहतूक विभागाची साधी सरकारी बोट घ्या. ती मेन जेट्टीवरून सुटते, तिकीट काही रुपयांत, उघड्या खिडक्या, इंजिनाचा धडधडाट आणि वारा. सामान जड असेल तर मात्र ती नको.

गावात पायी फिरावं. चिनी जाळ्यांपासून मट्टनचेरी राजवाडा अडीच-तीन किलोमीटर आहे, तेवढ्यासाठी रिक्षा. "शंभर रुपयात सगळं गाव दाखवतो" म्हणणारा रिक्षावाला कुठल्या तरी शोरूमपुढे थांबणारच. तिथे तुम्ही काही घ्या न घ्या, नेल्याचं त्याला कमिशन मिळतं. बसताना "फक्त पॅलेस, दुकान नको" एवढं सांगितलं आणि थोडे जास्त पैसे कबूल केले तर तासभर वाचतो.

चिनी जाळी सकाळी सातच्या आत बघा. संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो मिळतो, काम मात्र सकाळीच दिसतं. लाकडी सांगाडा दहा मीटरच्या आसपास उंच, पुढे वीसेक मीटर पसरलेलं जाळं, मागे दोरांना टांगलेले दगड. एक जण मुख्य वाशावर चालत पुढे जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं; चार-सहा जण मागचे दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर. दगडांचं वजन जाळ्याशी इतकं जुळवलेलं असतं की वाशावरचं एक माणूस पुढे-मागे सरकलं तरी तोल फिरतो. प्रत्येक खेपेला मासा मूठ-दोन मूठ. जाळं चीनमधून थेट आलं की मकाववरून पोर्तुगीजांनी आणलं, यावर तिथे दोन्ही बाजूंनी वाद घालणारे भेटतील. काही जाळ्यांचे वासे आता लोखंडी पाइपचे झालेत. "या, दोर ओढून बघा" असं बोलावतात. गेलात तर शेवटी पैसे मागतात, हे आधी गृहीत धरा. शंभरची नोट पुरते, पाचशेची काढू नका.

त्याच फुटपाथवर मासळीचा लिलाव चालतो. मल्याळममध्ये त्याला म्हणतात लेलम. आपला लिलाव आणि त्यांचं लेलम, दोन्ही पोर्तुगीज 'लेलाव'मधून आलेले. असे शब्द गावभर सापडतात. खुर्चीला तिथे कसेर, टेबलाला मेश, कपड्यांना इस्तिरी. आपल्याकडे चावी, पगार, बटाटा, पाव, काजू त्याच जहाजांतून उतरले. भाषेची अडचण फारशी येत नाही, हिंदी चालते. पण मट्टनचेरीच्या चेरलाई भागात गेलात तर कान टवकारा, तिथे घराघरात कोकणी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतराला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे आली. त्यांचं तिरुमला देवस्थान आजही त्या वस्तीचं मध्य आहे. पुरुषांना सदरा उतरवून आत जावं लागतं. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड तयार करवून घेतले, 'होर्तुस मलबारिकुस', ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापले. त्याला मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचं प्रमाणपत्र त्या पुस्तकात नागरी लिपीत छापलेलं आहे.

इमारतींत वेळ द्यावा तो मट्टनचेरी राजवाड्याला. बाहेरून बघाल तर नागपूरच्या इतवारीतला एखादा जुना वाडा बरा म्हणाल. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. बांधकाम युरोपियन हातचं, मांडणी केरळी नालुकेट्टूची, म्हणजे चौसोपी वाड्याची, मधल्या चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ. खरी वस्तू राजाच्या शयनगृहात आहे: भिंतभर रामायणाची चित्रं, वनस्पतींच्या आणि खनिजांच्या रंगात. दिवे मंद, फोटोला बंदी. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं उभे राहा, मग बारकावे दिसायला लागतात. दारातून डोकावून परतणाऱ्यांना नुसता तांबूस-पिवळा गोंधळ दिसतो. दहा मिनिटांत बाहेर येणारेच जास्त, म्हणून आत तशी शांतता असते.

सिनेगॉग १५६८ चं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. मान खाली घालून फरशी बघा: अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा. सांगितलं जातं की एकही दुसरीसारखी नाही. शेजारशेजारच्या चार फरशांवरचं झाड आणि पूल ताडून पाहिलं की ते पटतं. बेल्जियमची झुंबरं वर आहेत, ती दिसतातच.

सेंट फ्रान्सिस चर्चला वीस मिनिटं पुरेत. वास्को द गामा कोचीतच २४ डिसेंबर १५२४ ला वारला आणि इथे पुरला गेला. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे कठड्यामागची ती शिळा रिकाम्या जागेवरची आहे. त्यापेक्षा वर बघा: बाकांवर टांगलेले कापडी पंखे, ज्यांचे दोर भिंतीपलीकडून माणसं ओढत. सांताक्रूझ बॅसिलिका जाता-येता बघितली तरी चालते. डच दफनभूमीचं फाटक बहुधा कुलपात, कुंपणावरून दिसते तेवढी.

आता जेवण. नागपूरकराची जीभ सावजीच्या काळ्या रश्शावर आणि पोह्यांवरच्या तर्रीवर घडलेली. तिला नारळाचं दूध म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. पण मिरची मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी या देशात तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे, पण तिची पणजी असल्याच एखाद्या धक्क्यावर उतरलेली. ज्या किनाऱ्यावरून आपल्याला मिरची मिळाली तिथलं हे गाव मिरीला मात्र अजून विसरलेलं नाही, हे लक्षात ठेवून पहिला घास घ्या. मिरीचं तिखट जिभेच्या टोकाला लागत नाही. घशात उशिरा जाणवतं.

मीन मोली, म्हणजे नारळाच्या दुधातला माशाचा रस्सा, ही या गावाची परीक्षा. नारळाचं पातळ, म्हणजे दुसरं दूध आधी, त्यात आलं, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, चिमूटभर हळद, मग मासा, आणि घट्ट पहिलं दूध अगदी शेवटी, आच मंद करून. उकळी आली की दूध फाटतं. पर्यटकांच्या बऱ्याच हॉटेलांत हा धोका टाळायला कॉर्नफ्लोर किंवा डब्यातली पावडर घालतात. ओळखायची खूण: रस्सा चमच्याला खळीसारखा चिकटतो आणि वर तेलाचा एकही थेंब नसतो. खरी मोली पातळ असते, बाजूंना खोबरेल तेलाचे पिवळसर ठिपके तरंगतात, टोमॅटोच्या दोन चकत्या नुसत्या वर. सोबत आप्पम मागवा, भात नको. आप्पमच्या कडा कुरकुरीत आणि मध्य स्पंजासारखा हवा. कडाही मऊ असतील तर आधीच करून ठेवलेले आहेत, परत पाठवा.

करिमीन पोळिच्चत म्हणजे केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलेला मासा, आत छोट्या कांद्यांचा मसाला. करिमीन काटेरी आहे. रोहू-कटला खाणाऱ्याला काटे नवे नाहीत, पण मुलांना देताना सांभाळा. भाव नगावर नसतो, वजनावर असतो. मागवण्याआधी "हा मासा किती ग्रॅमचा" हे विचारा. २०० ग्रॅमच्या खालचा घेऊ नका, काटेच काटे.

जाळ्यांजवळच्या "मासा निवडा, आम्ही शिजवून देतो" टपऱ्यांना पाचपैकी दोन गुण. तिथला बराच मासा त्या जाळ्यांतला नसतो, बंदरावरून आणलेला असतो. तो ताजा असू शकतो. डोळे फुगीर आणि कल्ले लाल असतील तर घ्या. घोळ होतो हिशेबात. भाव न साफ केलेल्या माशाचा असतो, साफ केल्यावर किलोचा पाऊण किलोही राहत नाही, आणि शिजवायचे पैसे वेगळे लागतात. तीनही आकडे आधी ठरवून, वजनकाट्यावर शून्य बघून मगच हो म्हणा. १० जून ते ३१ जुलै केरळात ट्रॉलिंगला, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळं ओढत करायच्या मासेमारीला, बंदी असते, त्या काळात मासा महाग आणि निवड कमी.

बिर्याणीसाठी मट्टनचेरीतलं कायीज, १९४८ पासूनचं. बसायची जागा साधी, टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायचं. तांदूळ बासमती नाही, आखूड दाण्याचा सुगंधी कैमा. मसाला तळाशी, भात जवळजवळ पांढरा. हैदराबादी डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. दुपारी उशिरा गेलात तर पातेलं संपलेलं असतं, बारा-साडेबाराची वेळ धरा. ब्रूदर नावाचा गोडसर पाव बेकरीत दिसला तर घ्या. अंडी, लोणी, मनुका घातलेला, डचांच्या काळापासूनचा. सकाळी चहाबरोबर बरा. दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, म्हणून नागपूरपर्यंत न्यायचा विचार सोडा.

शाकाहारी मंडळींनी गुजराती रोड लक्षात ठेवावा. पिढ्यान्पिढ्या मसाल्याच्या व्यापारात असलेले गुजराती तिथे राहतात, फरसाण आणि थाळी मिळते. बाकी सकाळी पुट्टू-कडला (वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या हरभऱ्याचा रस्सा), दुपारी केळीच्या पानावरचा भात. खोबरेल तेलाचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी मात्र सरळ डोशावर राहावं.

शेवटची गोष्ट खरेदी. सिनेगॉगच्या आसपासच्या ज्यू टाउनमधल्या सजवलेल्या मसाल्याच्या दुकानांत वास छान, भाव पर्यटकांचे. वेलदोडा, लवंग, दालचिनी तिथून उचलून आणण्यात अर्थ नाही. इतवारीत मस्कासाथला तोच माल कमी भावात मिळतो. हिरवीगार, एकसारख्या रंगाची वेलची दिसली तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा, रंग सुटतो का. मिरी मात्र घ्यावी, तीही दोन गल्ल्या पलीकडे बाजार रोडच्या घाऊक वखारीतून. मोठा दाणा, चार मिलिमीटरच्या वरचा, तेलिचेरी म्हणून विकतात. मूठभर दाणे पाण्यात टाका: भरीव मिरी बुडते, पोचट दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात.

आणि कुडमपुली. आपल्या कोकमाची ही चुलतबहीण, धुरावर वाळवलेली, काळीभोर. घेताना दाबून बघा: मऊ, चिकट आणि धुराचा वास असलेली चांगली, करकरीत आणि तपकिरी असेल तर जुनी. अर्धा किलो माशाला तीन-चार तुकडे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पाण्यासकट रश्शात. सावजीवाल्याने नाक मुरडलं तरी कटल्याच्या रश्शाला ती झकास लागते, फक्त आंबटपणा हवा तेवढा आला की तुकडे काढून टाका, नाहीतर रात्रभरात रस्सा तोंडात धरवत नाही. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कुडमपुली दगडासारखी कडक होते, म्हणून आणल्या दिवशीच थोडं मीठ आणि चमचाभर खोबरेल तेल चोळून काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा.